ज्या हाताने प्रभूचा हात कोरला

आजचे वाचन : मत्तय १९:१–३०



मत्तयाचा एकोणिसावा अध्याय आपण नेहमी तुकड्या-तुकड्यांनी वाचतो. लग्नाच्या उपासनेत सुरुवातीचा भाग, बालकदिनाला लेकरांचा भाग, दानधर्मावर संदेश असेल तेव्हा श्रीमंत तरुण आणि उंट. मीसुद्धा या पानावर तो असाच तोडून लिहिला आहे. पण आज तुम्हाला अशा एका माणसाबद्दल सांगायचं आहे, ज्याने हा अख्खा अध्याय एका पत्र्यावर मांडला. त्याचं नाव रेम्ब्रांट. हॉलंडचा चित्रकार, जन्म १६०६, मृत्यू १६६९.

आधी चित्र सांगतो, मग माणूस सांगतो. आणि माणूस सांगताना मला थोडं जड जाणार आहे.

चित्र फार मोठं नाही. साधारण अठ्ठावीस सेंटिमीटर उंच आणि एकोणचाळीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे उघडलेल्या वहीच्या आसपास. रंग नाही, नुसती काळी शाई. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येतं. मी मोबाईलवर बोटांनी मोठं करत करत एक एक कोपरा पाहिला.

मधोमध प्रभू उभा आहे. उजवीकडे काळोख, आणि त्या काळोखातून आजारी माणसं येताहेत. एका लंगड्याला कोणीतरी हातगाडीवर घालून आणलंय. एक बाई प्रभूच्या पायाशी चटईवर पडली आहे, तिला उठवतसुद्धा नाही. दुसरी गुडघे टेकून हात जोडते आहे, आणि नीट पाहिलं तर तिच्या जोडलेल्या हातांची सावली प्रभूच्या झग्यावर पडलेली दिसते. तिचे हात अजून त्याच्यापर्यंत पोचलेले नाहीत, पण सावली पोचली आहे. हे पाहिलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ काही केलं नाही.

डावीकडे लख्ख उजेड. तिथे शास्त्री-परूशी घोळका करून वाद घालताहेत. बायकोला टाकणं नियमाला धरून आहे की नाही, हा त्यांचा त्या दिवशीचा प्रश्न होता. त्यांची अंगं नुसत्या बाह्यरेषांनी काढली आहेत, जणू त्यांना वजनच नाही. एक आई लेकरू घेऊन पुढे येते, पेत्र तिला अडवतोय, आणि प्रभूचा हात त्या आईकडे पुढे आला आहे. जवळच उंची कपड्यातला एक तरुण हाताने तोंड टेकून बसलाय. हाच तो श्रीमंत तरुण. तो गेलेला नाही अजून, विचारच करतोय. आणि अगदी उजव्या टोकाला, कमानीच्या दारात, एक उंट. अध्यायातला एकही माणूस सुटलेला नाही, जनावरसुद्धा नाही.

हे चित्र साधारण १६४८ सालचं. त्याच वर्षी हॉलंडचं स्पेनशी चाललेलं ऐंशी वर्षांचं युद्ध तहाने संपलं. त्या काळाला कलेच्या इतिहासात बरोक म्हणतात. शेजारच्या अँटवर्पसारख्या कॅथलिक शहरांत वेदीवर दोन-दोन पुरुष उंचीची रंगीत चित्रं लागत होती. पण हॉलंडमधल्या सुधारित मंडळीने चर्चमधली चित्रं काढून टाकली होती. १५६६ मध्ये तर मूर्ती आणि चित्रं फोडण्याची मोठी लाटच येऊन गेली होती. भिंती चुन्याने पांढऱ्या झाल्या, मध्ये व्याख्यानपीठ राहिलं. आमच्या मंडळीच्या भिंतीही अशाच कोऱ्या आहेत, त्यामुळे मला ते लगेच समजलं. १६३७ मध्ये तिथल्या सरकारने करवून घेतलेलं डच बायबल छापून आलं, आणि वचन घराघरात पोचलं. चर्चच्या भिंतीवर जागा नव्हती, पण घरात हातात धरून पाहायच्या छापील चित्रांना कोणाची मनाई नव्हती. रेम्ब्रांटची बायबलमधली चित्रं बरीचशी या वाटेने लोकांकडे गेली.

त्या प्रकाराला एचिंग म्हणतात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर ओरखडे काढत चित्र काढायचं, मग पत्र्यावर आम्ल सोडायचं. जिथे थर खरवडला आहे तिथेच आम्ल तांबं खातं आणि बारीक चर पडते. थर काढायचा, शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, म्हणजे शाई फक्त चरांत उरते. मग ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. ठसा उलटा येतो, त्यामुळे कलाकाराला डावं ते उजवं धरून काम करावं लागतं. रेम्ब्रांट आम्लावर थांबला नाही. नंतर नुसत्या सुईने थेट तांब्यावर ओरखडे काढून त्याने उजवीकडचा तो मखमली काळोख आणला. या एका पत्र्यावर त्याने काही वर्षं काम केलं असावं असं जाणकार मानतात. काही ठसे त्याने जहाजांनी आलेल्या जपानी कागदावर काढले, कारण त्यावर शाई मऊ बसते.

त्याच्या हयातीतच या चित्राच्या एकेका ठशाला शंभर गिल्डर मिळतात अशी ख्याती झाली. त्या काळी ठसे सहसा किरकोळ किमतीला जात. त्यावरून त्याचं नाव पडलं ते पडलंच, आजही त्याला शंभर गिल्डरचं चित्रच म्हणतात. गंमत बघा, याच अध्यायाच्या शेवटी प्रभू आपल्यासाठी सोडून देणाऱ्याला शंभरपट देण्याचं वचन देतो. लोकांनी नाव ठेवताना शंभर तेवढे लक्षात ठेवले, पण गिल्डरचे.

आता माणूस.

रेम्ब्रांटचा बाप लायडन गावचा गिरणीवाला, आई बेकरीवाल्याची मुलगी. घरात भरपूर भावंडं, हा त्यातला धाकट्यांपैकी. हुशार होता म्हणून लॅटिन शाळेत घातला, १६२० मध्ये विद्यापीठात नावही नोंदवलं, पण याचं मन चित्रात. गावात एका चित्रकाराकडे शिकला, मग अॅमस्टरडॅमला पीटर लास्टमनकडे सहा महिने राहून बायबलच्या गोष्टी कशा मांडायच्या ते शिकला. १६३१ च्या सुमारास अॅमस्टरडॅमलाच राहायला गेला. १६३२ मध्ये डॉक्टर टुल्प यांच्या शवविच्छेदनाच्या चित्राने नाव झालं. १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न झालं. ती चांगल्या घरची, बरोबर पैसाही आला. १६३९ मध्ये त्याने तेरा हजार गिल्डरचं मोठं घर घेतलं. पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे होते.

पण त्या घरात पाळणा टिकेना. पहिला मुलगा दोन महिन्यांत गेला, मग दोन मुली, दोघींचं नाव कोर्नेलिया, दोघी तान्ह्याच गेल्या. १६४१ मध्ये टिटस झाला, तो जगला. आणि पुढच्याच वर्षी, जून १६४२ मध्ये, सास्किया गेली. तिशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी त्याने रात्रीचा पहारा म्हणून जगभर गाजलेलं ते प्रचंड चित्र पुरं केलं. बाहेर नाव गाजतंय आणि घरात नऊ महिन्यांचं पोर आईविना रडतंय.

त्या पोराला सांभाळायला एक बाई आली, गेर्त्ये दिर्क्स. एका जहाजावरच्या तुतारीवाल्याची विधवा. तिने टिटसला वाढवलं. हळूहळू ती रेम्ब्रांटच्याही जवळची झाली. त्याने तिला सास्कियाचे दागिने दिले. १६४८ च्या जानेवारीत तिने मृत्युपत्र केलं आणि आपलं जवळजवळ सगळं टिटसच्या नावावर केलं. स्वतःचं लेकरू नसलेल्या बाईने दुसऱ्याच्या लेकराला असं धरलं होतं.

हे ते शंभर गिल्डरच्या चित्राचंच वर्ष.

आणि मग घरात दुसरी, वयाने लहान बाई आली, हेंड्रिक्ये स्टोफेल्स. १६४९ मध्ये गेर्त्ये घराबाहेर पडली. पोटासाठी तिने ते दागिने गहाण टाकले. तिने न्यायालयात सांगितलं की यांनी मला लग्नाचा शब्द दिला होता. रेम्ब्रांटने ते नाकारलं. त्याला लग्न करण्यात अडचणही होती, कारण सास्कियाच्या मृत्युपत्राप्रमाणे पुन्हा लग्न केलं तर तिच्या वाट्याच्या संपत्तीचा उपभोग सुटला असता. न्यायालयाने गेर्त्येला वर्षाला दोनशे गिल्डर द्यायला सांगितले. म्हणजे त्या नावाजलेल्या किमतीने धरलं तर दोन ठसे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी पुढे लिहिलं नसतं. पण १६५० मध्ये रेम्ब्रांटने तिच्या भावाला हाताशी धरून, तिच्या वागणुकीविरुद्ध शेजाऱ्यांच्या साक्षी गोळा करून, तिला गौडा शहरातल्या सुधारगृहात कोंडवलं. वाईट चालीच्या ठरवलेल्या बायकांना डांबून सूत कातायला लावायची ती जागा. पाच वर्षं ती तिथे होती. १६५५ मध्ये तिच्या ओळखीच्या बायकांनी गौडाला जाऊन खटपट केली तेव्हा ती सुटली, आणि तेव्हाही रेम्ब्रांटने तिला बाहेर येऊ न देण्याचा प्रयत्न केला. सुटल्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

बंधुभगिनींनो, हे वाचलं तेव्हा मी हे लिखाण चार दिवस बाजूला ठेवलं. मला एक सुंदर मनन लिहायचं होतं. जोडलेल्या हातांची सावली, प्रभूचा पुढे आलेला हात, झालं. पण आता त्या चित्रात डावीकडचा घोळका माझ्याकडे बघू लागला. त्या अध्यायाची सुरुवातच बाईला टाकून देण्याच्या प्रश्नाने होते. प्रभू तिथे काय उत्तर देतो, ते या माणसाने ओळ न् ओळ वाचलं होतं. नुसतं वाचलं नाही, सुईने तांब्यात कोरलं होतं. आणि एक-दोन वर्षांत स्वतःच्या घरातली बाई कशी काढून टाकायची यासाठी त्याने कागद जमवले. गेर्त्ये त्याची कायद्याने बायको नव्हती, असं कोणी म्हणेल. बरोबर. परूश्यांचा मुद्दाही कायद्याचाच होता.

मग मला वाटलं, हे चित्र खोटं आहे का? कोणी म्हणेल, अशा माणसाचं चित्र भिंतीवर कशाला लावायचं. मी त्यावर बराच विचार केला, प्रार्थना केली. मला असं वाटतं की चित्र खोटं नाही. सुई धरणारा माणूस त्यात कुठे उभा आहे, हे आपण चुकीचं धरतो. आपल्याला वाटतं, चित्रकार म्हणजे प्रभूच्या शेजारी. तो तिथे नव्हता. तो हाताने तोंड टेकून बसलेल्या त्या तरुणाच्या जागी होता. सगळं समजलेलं, सगळं आवडलेलं, आणि उठवत नाही.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. त्याला लिलावातून वस्तू घ्यायचा नाद होता. चित्रं, पुतळे, शिंपले, शस्त्रं, जगभरच्या चीजा. घराचे हप्ते मात्र थकले. १६५३ मध्ये आठ हजार गिल्डरहून जास्त बाकी होती. १६५४ मध्ये हेंड्रिक्ये गरोदर असताना मंडळीच्या पंचांनी तिला बोलावून ठपका ठेवला आणि प्रभुभोजनापासून दूर केलं. शिक्षा तिला झाली. तिने मुलगी दिली, पुन्हा नाव कोर्नेलिया. १६५६ मध्ये रेम्ब्रांटने दिवाळं जाहीर केलं. घरातल्या सामानाची यादी झाली, ३६३ नोंदी. त्यात प्रत्यक्ष माणूस पाहून काढलेलं ख्रिस्ताचं मस्तक अशीही एक नोंद आहे. त्याच्या घराभोवती यहूदी वस्ती होती, त्यामुळे तो नमुना कोणी यहूदी तरुण असावा असं अभ्यासक मानतात. सगळं विकलं गेलं. १६५८ मध्ये घरही तेरा हजारांहून कमी किमतीला गेलं. श्रीमंत तरुणाने जे स्वतःहून सोडलं नाही, ते सावकारांनी यादी करून नेलं. १६६२ मध्ये तर त्याने सास्कियाची कबरही विकली. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली. १६६८ मध्ये टिटस गेला, सव्वीस वर्षांचा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ४ ऑक्टोबर १६६९ ला रेम्ब्रांट गेला. वेस्टरकेर्क नावाच्या चर्चमध्ये भाड्याच्या कबरीत त्याला ठेवलं. ती नेमकी कुठे, याची आज खूण नाही.

शेवटच्या वर्षांत त्याने उधळ्या पुत्राचं मोठं चित्र काढलं, ते आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. त्यात मुलगा गुडघ्यावर आहे, डोकं भादरलेलं, एका पायातलं पायताण निसटलेलं. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. त्याचा पश्चात्ताप झाला की नाही, हे प्रभूला ठाऊक. गेर्त्येची त्याने क्षमा मागितल्याची कुठे नोंद नाही, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी मी ती घालणार नाही. पण एवढं दिसतं की विशीत-तिशीत जो माणूस बायबलची चित्रं काढताना गर्दी, झगमगाट, किंकाळ्या मांडायचा, तो शेवटी नुसते दोन हात मांडत होता.

त्या शंभर गिल्डरच्या पत्र्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. तो झिजला. शंभरेक वर्षांनी, १७७५ मध्ये, एका ब्रिटिश कॅप्टनने तो घेतला, स्वतः त्यावर पुन्हा रेघा मारून ठसे काढले, आणि मग पत्र्याचे चार तुकडे केले. तुकड्यांचे वेगळे ठसे काढून विकले. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मी या अध्यायाचं तेच करत होतो की! लेकरांचा तुकडा वेगळा, उंटाचा वेगळा. आणि ज्या तुकड्यात माझं नाव आहे तो कधी काढायचाच नाही.

तो तुकडा आज काढतो. माझी आई अंथरुणावर होती तेव्हा एक बाई तिला सांभाळायला यायच्या. तीन वर्षं त्यांनी आईचं सगळं केलं, जे मी मुलगा असून केलं नाही ते केलं. आई गेल्यावर हिशेबावरून आमचं वाजलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दीड महिन्याचा पगार राहिला होता, माझ्या म्हणण्याप्रमाणे उचल जास्त झाली होती. मी त्यांना दारातून परत पाठवलं. वहीत मी बरोबर होतो. त्यांच्या मागे मी लोकांना काय काय सांगितलं ते इथे लिहवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, याच पानावर, मी प्रभूच्या दयेवर मनन लिहिलं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी खाली आमेन लिहिलं होतं.

म्हणून मी रेम्ब्रांटला दगड मारू शकत नाही. त्याला सोडूनही देऊ शकत नाही, कारण मग मला स्वतःलाही सोडून द्यावं लागेल, आणि गेर्त्ये पुन्हा एकदा गौडामध्येच राहील. वचन सुंदर मांडता येणं ही देणगी आहे. ते पाळणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि देणगीने ती भागत नाही. प्रभूने त्या तरुणाला सुंदर बोलायला नव्हतं सांगितलं. उठ आणि दे, एवढंच सांगितलं.

पण त्या चित्रात अजून एक गोष्ट आहे. तरुण बसला आहे, उठून गेलेला नाही. शास्त्रात तो खिन्न होऊन निघून जातो. रेम्ब्रांटने त्याला त्याच्या आधीच्या क्षणात धरून ठेवलं आहे. प्रभू तिथेच उभा आहे, अशक्य ते देवाला शक्य आहे हेही त्याच अध्यायात आहे, आणि दारात उंट वाट पाहतोय. वेळ आहे.

मी काल त्या बाईंना फोन केला. त्यांनी उचलला नाही. आज पुन्हा करणार, आणि नाही उचलला तर संध्याकाळी त्यांच्या वस्तीत जाणार आहे. पैसे पाकिटात काढून ठेवले आहेत, हिशेबाची वही घरीच राहील.

मननासाठी : या अध्यायातला कोणता तुकडा मी नेहमी वगळतो? ज्याला मी दारातून परत पाठवलं, असं कोणी आहे का?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझ्या दयेबद्दल आम्ही पुष्कळ बोललो, लिहिलं, गायलो. ज्यांच्यावर ती दया करायची राहिली त्यांची नावं आज आमच्यासमोर आण. आम्ही बसून राहिलो आहोत, आम्हाला उठव. ज्यांना आमच्यामुळे कोंडून राहावं लागलं त्यांना तू मोकळं कर, आणि त्यांच्या दाराशी जायला आमच्या पायांत बळ दे. आमचे हात तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, निदान त्यांची सावली तुझ्या झग्यावर पडू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.